जुनें तारूं आणि विक्रेत्याचें मौन

सोलापूरच्या माणसानें जुन्या मोटारबोटीच्या खरेदीवर लिहावयास बसावें, हें वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. आमच्या गांवीं समुद्र नाहीं. पाण्याचा आणि आमचा संबंध बहुधा टंचाईच्या निमित्तानेंच येतो. परंतु विचार केला तर हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. हिंदी मालकीच्या ज्या आगबोटीनें ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनचा मार्ग धरला, आणि जिच्या स्मरणार्थ तो दिवस आपल्या देशांत सागरी दिन म्हणून पाळला जातो, ती ‘लॉयल्टी’ विकत घेणाऱ्या मंडळींचे अग्रणी वालचंद हिराचंद हे १८८२ सालीं सोलापुरांतच जन्मलेले. ती आगबोट नवी नव्हती. १८९० सालीं इंग्लंडांतील बॅरो येथें ती प्रथम पाण्यांत उतरली. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नांवानें कॅनडाच्या एका कंपनीसाठीं तिनें पॅसिफिक महासागरांत वर्षानुवर्षें फेऱ्या केल्या. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं ग्वाल्हेरच्या महाराजांनीं ती घेतली व ती रुग्णनौका झाली. आणि तेथून ती सिंदिया कंपनीकडे आली. म्हणजे एका मोठ्या उद्योगाचा श्रीगणेशा २८ वर्षें वयाच्या, हातोहात फिरलेल्या तारवानें झाला. १९२३ सालीं ती मोडीत निघाली. तेव्हां जुनें तारूं घेणें हें कांहीं स्वभावतःच मूर्खपणाचें नव्हे. प्रश्न एवढाच कीं, घेणारा काय घेत आहे हें त्यास ठाऊक असतें कीं नाहीं. आणि नसल्यास तें त्यास सांगण्याची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न गेल्या हिवाळ्यांत आमच्यापुढें पुस्तकांतून नव्हे, तर एका जुन्या विद्यार्थ्याच्या रूपानें येऊन उभा राहिला. हा तरुण उजनीच्या कांठचा. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें आणि त्याच्यामागें यशवंतसागर पसरला. त्यांत कित्येकांचीं शेतें गेलीं, तशींच याच्या आजोबांचींही गेलीं. आतां त्याच पाण्यावर हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें बुडालेलें देऊळ डोकें वर काढतें, आणि हें पाहावयास पुण्यासोलापूरकडील माणसें मुलांबाळांसह येतात. त्यांना हिंडवून आणण्यासाठीं एक बरीशी बोट घ्यावी, असें त्याच्या मनानें घेतलें. “सर, ज्या पाण्यानं आमची जमीन नेली, त्यानंच आतां आम्हांला पोसावं,” असें तो म्हणाला. मुंबईच्या एका धनिक गृहस्थांची २८ फुटी, खोली असलेली मोटारबोट, जिला त्या वर्गांत ‘यॉट’ म्हणतात, विकावयाची होती. कागदपत्र इंग्रजींत होते म्हणून त्यानें आम्हांस बरोबर घेतलें. आणि बोट पाहावयासाठीं अलिबागेकडील एका वृद्ध सुतारास बोलाविलें. या तिघांत बोटींतलें कळणारा एकटा तो सुतारच होता, हें येथें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

मुंबईजवळच्या एका खाडीच्या कांठीं ती बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेविली होती. पांढरी स्वच्छ, आंत निळ्या गाद्या, पितळ लखलखीत. आमचा विद्यार्थी तीवर लुब्ध झाला आणि आम्हीही थोडे झालोंच. सुतार मात्र वर चढलाच नाहीं. त्यानें पिशवींतून एक लहान लाकडी मोगरी काढली आणि तळाच्या पाठीवर हात हात अंतरानें ती वाजवीत तो वांकून चालूं लागला. बोट फायबरची होती. फायबरचे थर एकमेकांस घट्ट असले म्हणजे आवाज टणक येतो. थर सुटले असले म्हणजे बोदा येतो. एके ठिकाणीं हरभऱ्याएवढे फोड होते. त्यानें एक टोंचला, बोट लावून हुंगलें, आणि आम्हांसही हुंगावयास दिलें; आंबूस वास होता. पाणी थरांत शिरलें म्हणजे असे फोड येतात, पण हे थोडे आहेत, घांसून बुजवितां येतील, असें तो म्हणाला. मग वर चढून त्यानें प्रथम इंजिनावर तळहात ठेवला. इंजिन थंड होतें. “आधींच तापवून ठेवलं असतं तर मीं विचारलं असतं, कां तापवलं,” असें तो आम्हांस म्हणाला. थंड इंजिन कसें सुरू होतें यांत त्याची अर्धी प्रकृति कळते. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ झालें असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें. तें तसें नव्हतें. इंजिन चालू केल्यावर तो धूर पाहात उभा राहिला. काळा धूर म्हणजे इंधन पुरतें जळत नाहीं, निळा म्हणजे तेल जळतें. येथें धूर बेताचा होता. एवढें झाल्यावर ती बोट घ्यावी असें आम्हांस वाटूं लागलें होतें.

तेवढ्यांत सुतार इंजिनाच्या खालीं शिरला. इंजिन ज्या दोन लांब कड्यांवर बसविलेलें असतें त्या बाहेरून फायबरच्या, पण आंत लाकडाच्या असतात. त्या कड्यांवर ताजा करडा रंग होता. बाकी सारा तळ जुन्या रंगाचा. त्यानें एका बोल्टास पाना लावला व तो फिरविला. बोल्ट फिरला, पुन्हां फिरला, आणि फिरतच राहिला. धरावयास आंत लाकूडच उरलें नव्हतें. त्याचा भुसा झाला होता. चार बोल्टांपैकीं तिघांची हीच गत. “हे वाऱ्यांत, पुऱ्या वेगांत, इंजिन जागेवर धरणार नाहींत,” एवढेंच तो म्हणाला.

आम्हीं मालकांस विचारलें, तेव्हां ते मुळींच रागावले नाहींत. “मीं तुम्हांला एकही खोटा शब्द सांगितला नाहीं. बोट पुढ्यांत ठेवली, तुम्ही जाणता माणूस घेऊन आलांत, त्यानं पाहिलं. घेणाऱ्यानं पाहून घ्यावं हीच तर रीत आहे. मीं कशाला आपल्या मालाचे दोष गात बसूं?” आणि खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं त्यांच्या या उत्तरांत आम्हांस कोठेंही छिद्र सांपडेना.

ही रीत जुनीच आहे आणि तिच्यावरील वादही जुनाच आहे. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं रोमन पंडित सिसेरो यानें कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत बरोबर हाच प्रश्न दोन स्टोइक तत्त्वज्ञांच्या तोंडून मांडला आहे. एका सद्गृहस्थाचें घर विकावयाचें आहे. तें रोगट आहे, त्याचें लाकूड कुजकें आहे, आणि हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें तें सांगावें काय? गुरु डायोजिनीस म्हणतो, न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. ज्यानें घेण्याचा आग्रहही केला नाहीं त्यानें फसविलें असें कसें म्हणावें? आपलें घर रोगट आहे अशी दवंडी पिटून कोणी घर विकतो काय? शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें हें जर पाप, तर जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेनें जाऊं देणें हें त्याहून मोठें पाप. सिसेरोनें आपला कौल शिष्याच्या बाजूनें दिला. आमचे मुंबईचे गृहस्थ डायोजिनीसच्या संप्रदायाचे होते, आणि तो संप्रदाय कांहीं लहान नाहीं.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं हा प्रश्न अधिक व्यवहारी रीतीनें हाताळला. मनूनें सदोष वा झांकलेला माल विकूं नये असें सांगितलें, आणि घेतल्यावर किंवा विकल्यावर पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत सौदा फिरविण्याची मुभाही दिली. याज्ञवल्क्य तर वस्तुपरत्वें परीक्षेचा काळ ठरवून देतो: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नांस सात, बियाणास दहा. यांतील मर्म पाहण्यासारखें आहे. दोष डोळ्यांस दिसत नाहीं, तो वापरांत दिसतो. आणि बीं उगवतें कीं नाहीं हें कळण्यास जेवढा काळ लागतो तेवढा काळ सौदा कच्चाच मानावा, असा त्यांचा न्याय आहे. घेणाऱ्यानें पाहून घ्यावें हें त्यांनाही मान्य होतें. पण पाहावयास अवकाश दिला पाहिजे, हें त्यांनीं विसरूं दिलें नाहीं.

इंग्रजी अमदानींत झालेला आणि अजूनही चालू असलेला १८७२ चा कराराचा कायदा मात्र आपल्या गृहस्थांच्या बाजूस झुकतो. नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे, असें त्याचें १७ वें कलम सांगतें, आणि उदाहरण घोड्याचें देतें. एकानें सदोष घोडा लिलांवांत विकला, दोष ठाऊक असून तो बोलला नाहीं. हें कपट नव्हे. पण लगेच पुढचें उदाहरण येतें: घेणारी जर त्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर बोलणें हें त्याचें कर्तव्य आहे. आणि तिसरें: घेणारा जर म्हणाला कीं ‘तुम्ही नाहीं म्हटलें नाहींत तर मी घोडा निर्दोष समजेन,’ तर तेथें मौन हेंच बोलणें होय. याच कलमांत असेंही आहे कीं, ठाऊक असलेली गोष्ट हेतुपूर्वक झांकणें हें कपटच. मग त्या कड्यांवरचा ताजा रंग हें मौन कीं झांकणें? आमच्या मतें ज्या हातानें फक्त कुजलेल्या जागीं रंग दिला तो हात बोलला. आणि तो खोटें बोलला. परंतु रंग दिलाच नसता, तर? खरा प्रश्न तेथेंच आहे.

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारांत ज्यांनीं बैलाचा सौदा पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, तेथें विकणारा बैलाची खोड सांगत नाहीं आणि घेणारा त्याची अपेक्षाही करीत नाहीं. तो बैलाचे दांत मोजतो, त्यास चालवून पाहतो, पाठीवर थाप मारतो, आणि मग रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरतो. या मौनास आम्ही पाप म्हणणार नाहीं. कारण तेथें दोघेही शेतकरी, दोघांनाही बैल सारखाच कळतो, आणि बैल मारका निघाला तर शिंग लागावयाचें तें बहुतकरून घेणाऱ्याच्याच घरांत. ज्ञान समान आणि धोका आपला. अशा ठिकाणीं मौन हा खेळाचा नियम आहे.

बोटीचें तसें नाहीं, आणि येथेंच डायोजिनीस, कायदा आणि आमचे गृहस्थ या तिघांच्याही हिशेबांतून एक माणूस सुटला आहे. घोडा विकणारा आणि घोडा घेणारा, घर विकणारा आणि घर घेणारा, या दोघांचाच ते विचार करतात. पण आमचा विद्यार्थी ती बोट स्वतः बसावयास घेत नव्हता. तिच्यांत बसणार होतीं तीं दुसरींच माणसें: पक्षी पाहावयास आलेलें एखादें कुटुंब, कडेवर मूल घेतलेली बाई, सहलीस आणलेलीं शाळेचीं मुलें. त्यांनीं सौदा केलेला नाहीं, त्यांस कोणी मोगरी दिलेली नाहीं, आणि ‘पाहून घ्यावें’ हा नियम त्यांस लावावयाचा तर प्रत्येकानें पाय ठेवण्यापूर्वीं इंजिनाखालीं शिरून बोल्ट फिरवावे लागतील. सरकारी तपासणीचा दाखला असतो. २०२१ च्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्यानें बोटीची नोंद आणि तपासणी सांगितलीच आहे. पण दाखला हा तपासणीच्या दिवसापुरता खरा; त्यानंतर काय कुजलें हें मालकासच ठाऊक. मे २०२४ मध्यें करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यांत उजनीच्या पाण्यावर उलटली आणि सहा माणसें बुडालीं. त्या बोटींत कांहीं दोष होता असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं, पाण्यावर वारा सुटतो. आणि तो सुटल्यावर आंत बसलेल्यांस, ज्या गोष्टी त्यांनीं कधीं पाहिल्या नाहींत, त्यांवरच सर्वस्वीं विसंबावें लागतें.

कायद्यानें मुलीच्या बाबतींत बापावर बोलण्याचें बंधन घातलें तें कां? ती त्याच्या रक्ताची म्हणून नव्हे; ती त्याच्यावर विश्वास टाकून स्वतः परीक्षा करणार नाहीं, म्हणून. हाच न्याय नीट चालविला तर बोटीतला प्रवासी हा त्या मुलीच्या जागीं येतो. म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, ज्या वस्तूवर परक्याचा जीव तोलला जातो तिचा दोष हा दोन सौदेगारांचा खासगी मामला राहात नाहीं. तेथें मौन पाळण्याचा विक्रेत्याचा हक्क संपतो. मग घेणारा कितीही जाणता असो आणि रंग कितीही जुना असो.

हें झालें विक्रेत्याचें. पण परीक्षा करणाऱ्याचींही कर्तव्यें आहेत, आणि तीं आम्हीं त्याच दिवशीं शिकलों. बोल्ट फिरलेले पाहून आमचा विद्यार्थी आमच्या कानाशीं लागला: “सर, इंजिनही गेलंय असं म्हणूं या, किंमत निम्म्यावर येईल, मग कड्या मी नव्या बसवून घेईन.” आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच सुतार म्हणाला, “इंजिन चांगलं आहे. चांगल्याला वाईट मी म्हणणार नाहीं.” सिसेरोच्याच ग्रंथांत स्कीव्होला नांवाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. त्यास एक शेत घ्यावयाचें होतें. विकणाऱ्यानें किंमत सांगितली तेव्हां, शेताचें मोल आपल्या मतें याहून जास्त आहे असें म्हणून त्यानें आपण होऊन एक लाख नाणीं अधिक दिलीं. एवढें औदार्य आम्ही कोणाकडून मागत नाहीं. परंतु असलेला दोष दडविणें जर पाप, तर नसलेला दोष लावणें हेंही त्याच तागडींतलें दुसरें पाप, एवढें तरी मान्य केलें पाहिजे.

आतां शेवटची गोष्ट. ती आमच्या लौकिकास शोभणारी नाहीं, पण सांगणें प्राप्त आहे. सौदा मोडून आम्ही निघालों, तोंच फाटकापाशीं दोघे भाऊ भेटले. ते कोंकणांतील एका बंदराहून तीच बोट पाहावयास आले होते. त्यांना ती पर्यटकांना समुद्रांत फिरविण्यासाठीं हवी होती. बरोबर जाणता माणूस नव्हता. थोरल्यानें आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, “कशी वाटली बोट?” त्यानें आमच्याकडे पाहिलें. आणि आम्हीं, ज्यांनीं तीस वर्षें वर्गांत नीतिशास्त्र शिकविलें त्यांनीं, खाडीकडे पाहिलें. त्या दोन क्षणांत आमच्या मनांत युक्तिवादांची जी रांग लागली ती अजून आठवते. सुताराची मजुरी आमच्या विद्यार्थ्यानें दिली आहे, तेव्हां हें ज्ञान त्याचें, परक्याच्या मालाची निंदा करणें सभ्यपणाचें नव्हे, मालक ऐकेल, आपलें चुकलेंही असेल. प्रत्येक युक्तिवाद वेगळा घेतला तर टिकेल असाच होता. सगळ्यांचा मिळून अर्थ एकच होता: आम्ही पांच मिनिटांपूर्वीं ज्यास दोष देत होतों, त्याच्याच शेजारीं येऊन उभे होतों.

सुतारानें पिशवी खालीं ठेविली, पाना काढला आणि थोरल्या भावाच्या हातांत दिला. “दादा, इंजिनाच्या खालीं चार बोल्ट आहेत. तेवढे स्वतः फिरवून बघा. पाना इथं पहारेकऱ्याकडं ठेवा, मी उद्यां घेऊन जाईन.” एवढें बोलून तो चालूं लागला. बोट वाईट आहे असें तो म्हणाला नाहीं. मालक लबाड आहे असेंही म्हणाला नाहीं. आम्हीं निंदा आणि मौन असे दोनच मार्ग आहेत असें धरून चाललों होतों. त्यानें तिसरा दाखविला: दुसऱ्यास पाहतां येईल असें करावें, आणि निर्णय त्याचा त्यास करूं द्यावा.

रात्रीच्या गाडींत विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. दौंड मागें पडल्यावर त्यानें विचारलें, “सर, तुम्ही कां बोललां नाहींत?” आम्हीं त्यास डायोजिनीस सांगितला नाहीं. “धीर झाला नाहीं,” असें सांगितलें. आणि तेंच खरें होतें.

पुढें त्यानें दुसरी बोट घेतली. ती लहान आहे आणि त्याहून जुनी आहे. तिच्या मालकानें आरंभींच बसवून घेऊन तिचे सात दोष सांगितले. आठवा सुतारानें काढला. तो मालकास खरोखरच ठाऊक नव्हता, आणि त्यानें त्यापुरती किंमत उतरविली. येत्या हंगामापासून ती यशवंतसागरावर चालेल. तिचे कागद आम्हींच वाचले. त्यांत त्या आठ दोषांपैकीं एकाचाही उल्लेख नाहीं. विद्यार्थ्यानें ते एका वहींत लिहून ठेविले आहेत, कोणता केव्हां दुरुस्त झाला हेंही लिहितो, आणि बोट विकावयाची वेळ आली तर वही बोटीबरोबर द्यावयाची असें म्हणतो. ती वेळ येईल तेव्हां गिऱ्हाईक समोर असेल, पैशांची नड असेल, आणि न बोलण्यास पुष्कळ चांगलीं कारणें सुचतील. वही त्याच्या हातून तेव्हां पुढें होते कीं नाहीं, हें आज सांगतां येत नाहीं. आमच्या हातून झाली नसती, एवढें आम्हांस त्या फाटकापाशीं कळून चुकलें आहे.